आवाज आहे, नाव हरवलंय

जुन्या बाजारात तबकडी हातात आली की मी आधी लेबल बघत नाही. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये जो गुळगुळीत पट्टा असतो, तो उन्हाकडे तिरका धरतो. तिथे लाखेत उमटलेले काही आकडे असतात, कधी एखादं अक्षर असतं. लेबल कागदाचं. ते वाळवी खाते, ते पावसात भिजतं, कुणाचं तरी पोर नखाने खरवडून काढतं. आकडे मात्र तबकडी आहे तोवर टिकतात.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी कुलपं आणि मिक्सरची भांडी यांच्यामध्ये गोणपाटावर वीसेक तबकड्यांची चळत होती. "घ्या काका, भिंतीवर लावायला लोक नेतात," विक्रेता म्हणाला. चळतीत तळाशी एक तबकडी एकाच बाजूला खाचा असलेली निघाली, म्हणजे फार जुनी. आपल्याकडे दोन्ही बाजूंना गाणं असलेल्या तबकड्या १९०८च्या सुमारास रुळल्या. त्याआधी मागची बाजू कोरीच असे. या तबकडीचं लेबल पाण्याने धुऊन गेलं होतं. कंपनी कोणती, गाणं कुठलं, काही कळत नव्हतं. कागदाच्या उरलेल्या चतकोरावर नागरीत दोनच अक्षरं होती : "बाई".

घरी आणून ती ऐकली. पेटी, तबल्याची टोकदार थाप, आणि पातळ पण ठाम आवाजात गाणारी एक बाई. तंबोरा ऐकूच येत नाही. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गाणारीने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचं, तिच्या आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि सुई मेणात रेघ ओढायची. तंबोऱ्याचा नाद तिथवर पोचतच नसे. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५नंतरचं. बाई घाईत आहे हेही कळतं. दहा इंची तबकडीवर तीनेक मिनिटंच मावतात, आणि एवढ्यात अस्ताई, अंतरा, दोन-चार ताना सगळं उरकायचं होतं. एका तानेत ती समेवर इतक्या सहजी येते की मी ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. मग गाणं संपतं, आणि खरखरीतून ती काहीतरी बोलते.

ती आपलं नाव सांगते आहे.

यामागे एक व्यावहारिक कारण होतं. १९०२च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला. तिथे मुद्रित झालेल्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना बंगाली कळत नव्हतं, हिंदुस्थानी कळत नव्हतं. कुठल्या साच्यावर कुणाचं लेबल चिकटवायचं हे त्यांनी ठरवायचं कसं? म्हणून गाणाऱ्याने शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं अशी रीत पडली. गायिका गौहरजान इंग्रजीत आपलं नाव सांगते ते आज अनेकांनी ऐकलेलं असतं. कलकत्त्यात शियालदाला कारखाना १९०८मध्ये सुरू झाला, तबकड्या इथेच निघू लागल्या आणि ही गरज हळूहळू संपली. कारखान्याच्या सोयीसाठी उच्चारलेले ते दोन-तीन शब्द आज कित्येक गायिकांच्या बाबतीत एकुलता एक पुरावा आहेत.

गौहरजान प्रसिद्ध होती, पैसेवाली होती, तिचं चरित्रही लिहिलं गेलं. पण त्या दौऱ्यात गैसबर्गने सगळ्यात आधी मुद्रित केल्या त्या कलकत्त्याच्या क्लासिक थिएटरमधल्या दोन मुली, शशिमुखी आणि फणीबाला. वय चौदा-सोळा. गैसबर्गने आपल्या आठवणींत त्यांच्या आवाजाबद्दल अगदी वाईट लिहून ठेवलं आहे. त्याला हिंदुस्थानी संगीताचा गंध नव्हता, हे इथे सांगायला हवं. त्याहून तीन वर्षं आधी, १८९९मध्ये, लंडनमध्ये कॅप्टन भोलानाथ, डॉ. हरनामदास आणि अहमद नावाच्या तिघांचे आवाज तबकडीवर घेतले गेले होते. म्हणजे आपल्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर जी नावं आहेत, ती आज घराघरांत कुणालाही ठाऊक नाहीत.

असं का झालं? बडे गवई कर्ण्यापुढे उभे राहायला तयार नव्हते. तीन मिनिटांत राग मांडणं त्यांना गाण्याची विटंबना वाटे. घराण्याची चीज तबकडीवरून कुणीही उचलील ही धास्ती होती. यंत्र आवाज खेचून घेतं असाही समज होता. भास्करबुवा बखले १९२२मध्ये गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६मध्ये. दोघांचंही गाणं तबकडीवर मिळत नाही. त्यांच्या शिष्यांच्या आठवणींतूनच आपण त्यांच्याकडे पोचतो. याउलट नाटकांतल्या मुली, बैठकीत गाणाऱ्या बाया, गोव्याच्या कलावंत घराण्यांतल्या गायिका या नव्या यंत्रापुढे पहिल्याच दशकात उभ्या राहिल्या. त्यांनी गाणं तीन मिनिटांत बसवण्याची युक्ती शोधली. पुढे ठुमरी, नाट्यपद, भावगीत यांनी जो घाट घेतला, त्यात या बायांचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि त्यांचीच नावं आधी पुसली गेली. लेबलावर "मिस" अमुक किंवा नुसतं "बाई" लावलेलं पाळण्यातलं नाव. आडनाव असलंच तर गावाचं, आणि ते शोधणाऱ्याला फार उपयोगी पडतं. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर झाल्या. आडनावातल्या "कर"चा माग काढत गावापर्यंत जाता येतं, तिथल्या देवळाच्या जुन्या दप्तरात कधी एखादं नाव सापडू शकतं. पण ज्यांनी फक्त "मिस" लावलं, त्यांचा माग तिथेच खुंटतो. पुढे तर घरंदाज म्हणवणाऱ्या स्त्रियांनी गायला सुरुवात केली तेव्हा पूर्ण नाव छापणंच नको झालं. बंगालमध्ये अमला दास यांच्या तबकड्यांवर "मिस दास, ॲमॅच्युअर" असं छापलेलं आहे. धंदेवाल्या बाईचं नाव कुणी नीट लिहिलं नाही, आणि घरंदाज बाईने आपलं नाव लिहू दिलं नाही. दोघींचा आवाज मात्र उरला.

तो तरी किती उरला? तबकडी लाखेची. झाडांवरच्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारी ही राळ छोटा नागपूरच्या जंगलांतून जगभर जात असे. त्यात दगडाची पूड, सुताचा चुरा आणि काजळी मिसळून तो गरम लगदा साच्यात दाबला की तबकडी तयार. हातून पडली की काचेसारखी फुटते. चावीच्या फोनोची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. आपल्या घरांतून एकेक सुई आठवडाभर चालली आणि खाचा उखणल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा जुन्या तबकड्या गोळा करून दळल्या गेल्या. एका बाईचा आवाज दळून त्यातून दुसऱ्या कुणाचा आवाज निघाला. कंपनी बुडाली की तिचे धातूचे साचे भंगाराच्या भावाने गेले.

मुंबईच्या "यंग इंडिया"ची गोष्ट मला या सगळ्यात फार महत्त्वाची वाटते. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची ही छाप १९३५ ते १९५५ अशी वीस वर्षं चालली. परदेशी मालकीच्या बलाढ्य कंपनीपुढे उभी राहिलेली ही देशी छाप. मोठे गायक करारांनी बांधलेले असल्यामुळे हिच्याकडे आले ते बहुतांश हौशी लोक : शाळेतले गाणारे शिक्षक, मेळ्यात म्हणणारी मुलं, आपली कविता आपणच म्हणणारे कवी. भावगीतं, पोवाडे, भजनं, नकला, शिकवण्यासाठी केलेल्या तबकड्या, सगळं तिने काढलं. कंपनी बंद पडली, आणि कलाकार नावाजलेले नसल्यामुळे ही गाणी पुढे कॅसेटवरही आली नाहीत, सीडीवरही आली नाहीत. नामवंतांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा निघतात, त्यामुळे त्या कुठे ना कुठे टिकतात. अनामिकाची तबकडी एकदाच निघते. उरलेल्या चार प्रती फुटल्या की ते गाणं जगातून संपतं.

यंग इंडियाचं पुरतं तसं झालं नाही, याचं श्रेय संग्राहकांना आहे. मुंबईत १९९०मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी राहिली. तिचे डॉ. सुरेश चांदवणकर भौतिकशास्त्राचे माणूस. त्यांनी "द रेकॉर्ड न्यूज" हे नियतकालिक चालवलं आणि घराघरांतल्या माळ्यांवरच्या तबकड्यांची माहिती एकत्र आणली. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांच्या उपक्रमातून त्यांनी यंग इंडियाच्या तबकड्या, त्यांची लेबलं आणि जुन्या याद्या संगणकावर आणल्या. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या हिंदुस्थानी मुद्रणांची क्रमवार यादी केली. ते पुस्तक मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानेच १९९४मध्ये काढलं. यादी म्हणजे नुसते आकडे आणि नावं, वाचायला रुक्ष. पण हातातल्या तबकडीवरचा आकडा त्या यादीत सापडतो आणि समोर गायिकेचं नाव, भाषा, गाव आणि साल उलगडतं, तेव्हा अंगावर काटा येतो.

त्या आकड्यांना त्यांची म्हणून एक भाषा असते. ग्रामोफोन कंपनीच्या जुन्या पद्धतीत आवाज पुरुषाचा की बाईचा, हे क्रमांकाच्या गटावरून कळे. आकड्यापुढचं अक्षर मुद्रण कुठल्या तंत्रज्ञाने केलं ते सांगतं. तो तंत्रज्ञ त्या वर्षी कुठल्या शहरात होता हे दौऱ्याच्या नोंदींत मिळतं. लागोपाठचे दोन आकडे दोन गायिकांचे असतील, तर त्या दोघी बहुधा एकाच दिवशी एकाच खोलीत बसल्या होत्या, आणि पेटीवाला-तबलजी तेच असण्याची शक्यता असते. ओळखीच्या तबकडीवरून अनोळखी तबकडीपर्यंत असं पायरी पायरीने जाता येतं.

पण त्याआधी तबकडी नीट ऐकू यायला हवी. ती धुताना स्पिरिट अजिबात लावायचं नाही. लाख स्पिरिटात विरघळते, आणि चकाकी आणायच्या नादात लोकांनी आख्खं गाणं पुसून टाकलेलं मी पाहिलं आहे. ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ कुंचला, खाचांच्या दिशेनेच हात, लेबल कोरडं, आणि सावलीत उभी करून वाळवणं. मग सुई. एलपीची सुई या खाचांना फार बारीक पडते, ती तळातल्या कचऱ्यातून फरफटत जाते. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीला साधारण तिप्पट रुंद टोकाची सुई लागते. वेगवेगळ्या रुंदीच्या सुया लावून बघायच्या, कारण जुन्या पोलादी सुईने खाचेची भिंत ज्या उंचीवर झिजवली, त्याच्या थोडं वर किंवा खाली कोरी भिंत शिल्लक असते. तिथे सुई टेकली की शंभर वर्षांची धूळ बाजूला सारून कुणी बोलावं तसा आवाज पुढे येतो. तबकडीचे तुकडे झाले असतील तरी आता सगळं संपत नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत कार्ल हेबर यांनी खाचांची सूक्ष्म छायाचित्रं काढून, सुई न टेकवता, त्यांतून आवाज काढण्याची पद्धत विकसित केली आहे.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगाची. मिनिटाला ७८ फेरे हे नंतर ठरलं. सुरुवातीच्या तबकड्या सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठल्याही वेगाने कोरलेल्या आहेत. वेग सहा टक्क्यांनी चुकला तर सूर अर्ध्या सुराने सरकतो, काळी चारची बाई पांढरी सहाची होते. आवाज कोवळा, घाईचा, किनरा वाटू लागतो, आणि आपण म्हणतो, "काय हे जुन्या बायांचे आवाज!" तो दोष बहुतेक वेळा आपल्या यंत्राचा असतो. याचं मोठं उदाहरण फ्रान्समधलं आहे. पॅरिसच्या एदुआर-लेऑन स्कॉट यांनी एडिसनच्याही आधी, ९ एप्रिल १८६० रोजी, काजळी फासलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवली होती. ती फक्त डोळ्यांनी बघायची होती, वाजवायची सोयच नव्हती. २००८मध्ये संशोधकांनी तो कागद शोधला, रेघ संगणकाने वाचली आणि जगाने एका मुलीचं गाणं ऐकलं, निदान तसं वाटलं. वर्षभरात ध्यानात आलं की वेग दुप्पट धरला होता. योग्य वेगाला ती मुलगी नाहीशी झाली आणि एक पुरुष सावकाश गाताना ऐकू आला. बहुधा खुद्द स्कॉटच.

आपल्या तबकड्यांना पेटीचा आधार आहे. पेटीचे सूर पक्के असतात, गायिकेप्रमाणे वर-खाली होत नाहीत. तबकडीतली पेटी घरातल्या पेटीशी जुळेपर्यंत वेग कमी-जास्त करायचा. सगळ्या पेट्या एका मापाच्या नसतात, त्यामुळे उत्तर दोन-तीन शक्यतांपर्यंत येतं. मग कानाने ठरवायचं : तबल्याची थाप कुठे खरी वाटते, शब्द कुठे माणसाने बोलल्यासारखे वाटतात.

नावाजलेल्यांचीही काय गत होऊ शकते, ते केसरबाईंच्या तबकडीने दाखवलं. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवायच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीसाठी त्यांची भैरवी निवडली गेली. पण ती तबकडी अमेरिकेत कुठे मिळेना. शेवटी न्यूयॉर्कला एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात, पत्त्यांच्या टेबलाखालच्या खोक्यात तिच्या काही प्रती निघाल्या. सूरश्री म्हणून गौरवलेल्या बाईंची ही कथा. मग जिच्या नावाचं "बाई" एवढंच उरलं, तिचा विचार करावा.

नाव आवाजाबरोबर जपलं तर पुढे काय घडू शकतं, याचं उदाहरण मात्र आपल्याकडेच आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याला राहून, सहकाऱ्यांबरोबर गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या : एक लाखाहून अधिक ओव्या, हजारावर गावं. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या कित्येक टेपवर घेतल्या. ते मुद्रण शंभर तासांहून जास्त भरतं. विजेच्या चक्क्या आल्या आणि पहाटेची घरघर थांबत गेली, त्याच वर्षांत हे काम झालं. या बाया कुणाच्या हिशेबी "कलाकार" नव्हत्या. पण गोळा करणाऱ्यांनी प्रत्येक ओवीमागे बाईचं नाव, गाव, तालुका लिहून ठेवला. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे "पारी", हा ठेवा २०१७पासून लोकांपुढे आणू लागली, तेव्हा त्या नोंदींच्या आधारे माणसं पुन्हा त्या गावांत जाऊ शकली. काही बाया हयात होत्या. वीस वर्षांपूर्वीचा आपला आवाज त्यांना ऐकता आला. काही गेल्या होत्या. त्यांच्या घरी लेकी-सुनांना तो ऐकता आला. तबकड्यांच्या बाबतीत जे आपण आकड्यांवरून, पेटीवरून, खरखरीतून ओढून काढतो, ते इथे वहीत आधीच लिहिलेलं होतं.

म्हणून माळ्यावर तबकड्या सापडल्या तर आधी त्यांची पाकिटं, सोबतचे कागद, दुकानाच्या पावत्या, आतली गाण्यांची छापील चिठ्ठी जपून ठेवा. पाकिटावर आजोबांनी शाईने लिहिलेली एक ओळ कधी कधी लेबलापेक्षा जास्त सांगते. घरात कुणी नव्वदीचं असेल तर तबकडी त्यांना ऐकवा आणि ते काय म्हणतात ते लिहून घ्या. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं असतो. लाखेच्या जवळपास सगळ्याच तबकड्या आता त्या मुदतीच्या पलीकडे गेल्या आहेत. गीतकार-संगीतकाराचे हक्क तेवढे वेगळे तपासावे लागतात. एरवी हे आवाज सर्वांपुढे आणायला आडकाठी उरलेली नाही.

माझ्या तबकडीचा आकडा मला कुठल्याही यादीत मिळाला नाही. मी वेग कमी करत करत ७४ फेऱ्यांवर आलो तेव्हा पेटी जुळली, आवाज खाली उतरला, भरदार झाला, आणि शेवटचे शब्द थोडे सुटे झाले. पहिलं नाव अजूनही खरखरीत बुडालेलं आहे. त्यानंतर "बाई" स्वच्छ ऐकू येतं. मग एक अस्पष्ट अक्षर, ते "शि" असेल किंवा "पि", आणि त्यापुढे "रोडकर". शिरोडा गोव्यात आहे आणि वेंगुर्ल्याजवळही आहे. पिरोडकर असं काही आडनाव असेल असं मला वाटत नाही. आता दोन्ही शिरोड्यांना जायचं आहे, मोबाईलमध्ये हे गाणं घेऊन.